ज्या घरी टीव्ही, त्या घरी गाव



गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वही मिटली, की आपण सगळ्या लगेच उठतो. कुणाला भाकरी टाकायच्या असतात, कुणाची म्हैस खोळंबलेली असते. पण मागच्या बैठकीत तसं झालं नाही. कुणाच्या तरी नातवाच्या मोबाइलवर जुन्या रामायणाचं सुरुवातीचं संगीत वाजलं आणि उठायला निघालेल्या चौघी-पाचजणी पुन्हा सतरंजीवर टेकल्या. एक म्हणाली, "आमच्याकडे कोठचा टीव्ही बाप्पा! आम्ही पाटलाच्या खिडकीतून पाहत होतो." दुसरी म्हणाली, "तू पाहिला तरी. मी तर नुसता ऐकला." मग जी गप्पांची माळ लागली, ती दिवेलागणीपर्यंत सुटली नाही.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की आपल्या रेडिओवरचं पुढचं भाषण यावरच करायचं. जुन्या टीव्हीवर. म्हणजे साधारण १९८४ पासून १९९२ पर्यंतचा काळ, जेव्हा टीव्ही म्हणजे दूरदर्शन आणि दूरदर्शन म्हणजे एकच बटण होतं. गटातल्या बायकांना जे आठवतं ते आम्ही गोळा केलं, आणि त्याला इतिहासाची जोड दिली. ऐकताना तुम्हालाही तुमची सपरी, तुमची गल्ली आठवेल.

आधी ते यंत्र आठवा. लाकडी खोका, पुढे सरकणारी दोन दारं, कुणाकुणाच्या टीव्हीला तर कुलूपसुद्धा. खाली चार पाय. वर विणलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. क्राउन, वेस्टन, पुढे ओनिडा, ही नावं तेव्हा मुलांना तोंडपाठ होती. चित्र काळं-पांढरं. ज्यांना हौस होती ते काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावायचे. वरचा भाग निळा, खालचा हिरवा. मग बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं दिसायचं, तरी आपल्याला ते रंगीतच वाटायचं.

छपरावर अँटेना. बांबूला किंवा लोखंडी पाइपला बांधलेला. त्यावर कावळा बसला की चित्र गेलं, वारा सुटला की चित्र गेलं. घरातला एक पोरगा कायम वर. खालून विचारणा, "दिसून राहिलं का?" आतून उत्तर, "आवाज येऊन राहिला, चित्र नाही येऊन राहिलं!" मग वरून, "आता?" आणि आतून सगळ्यांचा एकच ओरडा, "आलं आलं, हलू नको!" तो बिचारा तिथेच, अँटेना धरून. अर्धी मालिका त्याने छपरावरच काढली. आणि एवढं करून बसावं तर वीज जायची, नाहीतर पडद्यावर पाटी यायची, "रुकावट के लिए खेद है". हिंदीतला 'खेद' हा शब्द आपल्यातल्या कितीतरी जणी त्या पाटीवरून शिकल्या.

आता हा टीव्ही आपल्यापर्यंत आला कसा, ते पाहू. दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला झाली. मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण मुंबईचं चित्र मुंबई-पुण्याच्या आसपास. विदर्भाला त्याचा काय उपयोग? आपल्याकडे होता तो रेडिओ. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून होती. सकाळच्या भक्तिगीतांनी घरातली चूल पेटायची आणि रात्रीच्या बातम्यांनी दिवा मालवायचा.

टीव्ही खेड्यांसाठीही असू शकतो, हे देशाने पहिल्यांदा १९७५-७६ साली करून पाहिलं. अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत वर्षभर कार्यक्रम दाखवले. शेती, आरोग्य, शाळा असे विषय. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचा मध्य प्रदेश होता. पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला, आणि त्याच्यावरून गावांसाठी कार्यक्रम दाखवायला निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आला. महाराष्ट्रातलं हे काम नागपूरकडे होतं. सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर तुमच्यातल्या बहुतेक जणींनी नागपूरला येता-जाता पाहिला असेल. त्या काळात तो टॉवर पाहायला माणसं मुद्दाम टेकडीवर जायची.

दरम्यान १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. इथे आपल्या भागाचा एक मोठा संबंध आहे. तेव्हा माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री होते वसंतराव साठे. नागपुरात शिकलेले, नागपुरात वकिली केलेले, आणि १९८० पासून वर्ध्याचे खासदार. गरीब देशाला रंगीत टीव्हीचे चोचले कशाला, अशी तेव्हा टीका झाली. साठे आपल्या मतावर ठाम राहिले.

साठ्यांची दुसरी गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. मंत्री असताना ते मेक्सिको देशात गेले होते. तिथे मिगेल साबिदो नावाचा माणूस टीव्हीसाठी कौटुंबिक मालिका बनवत होता, पण त्यात काहीतरी शिकवण्याचा हेतू ठेवून. मोठ्या माणसांनी लिहा-वाचायला शिकावं, यासाठी त्याने १९७५ साली एक मालिका केली. त्यातला आजोबा उतारवयात अक्षरं शिकतो. ती पाहून हजारो माणसं साक्षरतेची पुस्तकं मागायला रांगेत उभी राहिली. साबिदोची युक्ती सोपी होती. उपदेश करायचा नाही, गोष्ट सांगायची. गोष्टीत एक चांगलं वागणारा, एक वाईट वागणारा आणि एक दोघांच्या मध्ये अडकलेला. पाहणारा त्या अडकलेल्याबरोबर चालतो.

ही कल्पना भारतात आली आणि तिच्यातून झाली 'हम लोग'. ७ जुलै १९८४ ला ती सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरपर्यंत चालली. दीडशेच्या वर भाग. लिहिणारे मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. दिल्लीतलं एक ओढगस्तीचं कुटुंब. दारू पिणारा बाप बसेसर राम, सोसणारी आई भगवंती, नोकरी शोधणारा लल्लू, क्रिकेटवेडा नन्हे, आणि तीन मुली, बडकी, मझली आणि छुटकी. भाग संपला की अशोक कुमार पडद्यावर येत आणि आजोबांनी नातवंडांशी बोलावं तसे दोन शब्द बोलत. त्याच १९८४ साली सरकारने टीव्हीचे मनोरे इतक्या झपाट्याने उभारले की काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा मनोरा चालू होत होता. म्हणजे मालिका पुढे सरकत होती आणि पाहणारी गावं वाढत होती.

आता तुम्ही म्हणाल, मालिका हिंदी, दिल्लीची. आपल्या बायकांना ती कशी कळली? नागपूरकडच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. १९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशची राजधानी होतं. बाजारात, रेल्वेत, कोर्टात हिंदी कानावर पडतच होती. बडकी काय म्हणते ते शब्द न् शब्द नाही कळलं, तरी का म्हणते ते कळायचं. हुंड्यासाठी अडलेलं लग्न समजायला कुठली भाषा लागते?

या मालिकेला प्रेक्षकांनी चार लाखांहून जास्त पत्रं लिहिली. पुढे अभ्यासकांनी ती पत्रं तपासली, शेकडो प्रेक्षकांशी बोलून पाहिलं, आणि त्यांना एक मोठी गंमत दिसली. गंमत कसली, विचार करायला लावणारी गोष्ट. भगवंती ही बाई मालिकेत कशासाठी होती? मुकाट सोसत राहिलं तर बाईचं काय होतं, हे दाखवण्यासाठी. पण पाहणाऱ्या कित्येक बायकांना भगवंतीच आदर्श वाटली. बाई असावी तर अशी, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही हे गटात वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक साठीच्या मावशी म्हणाल्या, "मलेही तशीच वाटली होती वं. सासूबाई बाजूला बसून म्हणत, पाय, तिच्यापासून शिक." आता पाहा. एकच पडदा, एकच बाई. लिहिणाऱ्याने एक सांगितलं, सासूबाईंनी दुसरं शिकवलं, आणि सुनेने मान हलवली. टीव्ही काय दाखवतो एवढ्यावर काही ठरत नाही. तो आपण कुणाच्या शेजारी बसून पाहतो आणि पाहताना कोण बोलतं, यावर बरंच ठरतं. हा मुद्दा जरा बाजूला ठेवा, पुन्हा लागणार आहे.

भगवंतीच्या पाठोपाठ वेगळ्या बायकाही आल्या. १९८५ साली आली 'रजनी'. बासू चटर्जींची मालिका आणि रजनीच्या कामात आपल्या प्रिया तेंडुलकर, नाटककार विजय तेंडुलकरांची कन्या. रजनी साधी घरसंसार करणारी बाई. पण गॅसवाला फसवतो, टॅक्सीवाला नाही म्हणतो, कचेरीतला बाबू उद्या या म्हणतो, तिथे ही कंबर कसून उभी राहायची. रागाने नाही, हक्काने. टॅक्सीच्या भागावरून मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी निषेधही केला. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ ला, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. रजनीमुळे कायदा आला असं आम्ही म्हणणार नाही. पण कायदा आला तेव्हा 'पावती मागणारी बाई' कशी दिसते, हे घराघरात माहीत झालं होतं. आमच्या गटातली एक जण सांगते की तिने रेशन दुकानात पहिल्यांदा वजनकाटा नीट दाखवायला सांगितला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आली पाहा रजनी!" तो टोमणा होता. तिने तो पदवीसारखा घेतला.

मग १९८९ ला 'उडान'. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यातली कल्याणीही त्यांनीच केली. घरच्यांवर अन्याय झाला म्हणून मुलगी शिकते आणि पोलीस अधिकारी होते, अशी गोष्ट. ही गोष्ट त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून घेतलेली होती. याच कांचनताई २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला. ज्यांनी 'उडान' पाहून मुलींना सायकल घेऊन दिली, अशा आया आपल्या गावांत आहेत. मुलगी पोलीस झाली नसेल, पण तालुक्याच्या शाळेपर्यंत सायकलने गेली, हे काय कमी झालं?

'सुरभि'ही आठवत असेल. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. देशभरातल्या कला, सण, जुने वाडे दाखवायचे आणि शेवटी एक प्रश्न. उत्तर पोस्टकार्डावर. इतकी कार्डं जायची की टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळं, जास्त किमतीचं कार्ड काढावं लागलं. आमच्या एका मैत्रिणीने आयुष्यातलं पहिलं पत्र 'सुरभि'ला लिहिलं. माहेरी नाही, नवऱ्याला नाही, 'सुरभि'ला! बक्षीस लागलं नाही. पण पत्ता लिहिता आला, खाली सही करता आली, आणि पुढे गटाचं बँकेत खातं उघडताना तिचा हात थरथरला नाही.

आणि रामायण. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ३१ जुलै १९८८ ला संपलं. रामानंद सागर यांचं, ७८ भागांचं. रविवारी सकाळी साडेनऊची वेळ. त्या वेळी गावचा रस्ता असा रिकामा की जणू संचारबंदी. एसटी थांब्यावर उतरलेला पाहुणा वाट विचारायला माणूस शोधायचा. काही घरांत टीव्हीला हळदीकुंकू लागायचं, हार घातला जायचा, उदबत्ती लागायची. काही घरांत यातलं काहीच नसायचं, नुसतं कुतूहल असायचं. त्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रांचं महाभारत, ९४ भाग. त्यातले संवाद राही मासूम रझा यांनी लिहिलेले आणि कृष्ण झालेले आपले नितीश भारद्वाज.

या मालिकांच्या वेळी एका घरात चाळीस-पन्नास माणसं मावायची. कशी, ते त्या घरालाच ठाऊक. खाटेवर म्हातारी माणसं, खाली चटईवर बायका-पोरं, दारात गडी माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली लेकरं. ज्या घरी टीव्ही, त्या घरी गाव. यजमानीणबाईने आदल्या दिवशीच सपरी सारवलेली असायची. आठवलं की आजही बरं वाटतं.

पण मैत्रिणींनो, आठवण सांगायची तर पुरी सांगावी. ते सगळं गाव एका घरात मावत होतं हे खरं, पण सगळं गाव आत येत नव्हतं. कुणी कुठवर यायचं हे न बोलता ठरलेलं होतं. काहींची जागा चटईवर, काहींची उंबऱ्याच्या बाहेर, काहींची अंगणात उभ्याने. खिडकीतून पाहणारी आमची जी मैत्रीण सुरुवातीला बोलली, तिला आत जागा नव्हती म्हणून ती खिडकीत नव्हती. आत बोलावलंच नव्हतं. ती हे हसत सांगते. आम्हाला मात्र ऐकताना हसू आलं नाही. त्याच टीव्हीवर उत्तर भारतातून एक बातमी आली होती. रामायण संपलं तेव्हा लव-कुशाची, वाल्मीकींच्या आश्रमाची गोष्ट राहून गेली होती. ती दाखवावी म्हणून पंजाबात जालंधरला सफाई कामगारांनी संप केला, आणि पुढे ती गोष्ट वेगळी मालिका म्हणून आली. महर्षी वाल्मीकींना आपले मानणाऱ्या त्या माणसांना आपलं माणूस पडद्यावर पाहायचं होतं. अंगणात उभं राहून पाहणाऱ्यांना काय हवं असतं, ते या संपातून कळतं.

आणि दुसऱ्या न दिसलेल्या बायका घरातच होत्या. ज्या घरी टीव्ही होता त्या घरची सून. पन्नास माणसं आली म्हणजे पन्नास माणसांचं पाणी आलं, कधी चहा आला. रविवारची सकाळ म्हणजे स्वयंपाकाची ऐन वेळ. एका मैत्रिणीच्या सासरी टीव्ही होता, गावातला पहिला. ती म्हणते, "लोक म्हणत, तुझी मजा आहे. मी रामायण पाहिलंच नाही, ऐकलं. बाण सुटला की आवाज यायचा, मी पोळी उलटवायची. सीतेचं रडू ऐकू आलं की दारापाशी यायची, तर कुणीतरी पाणी मागायचं." पुढे २०२० मध्ये टाळेबंदीत रामायण पुन्हा लागलं, तेव्हा तिने ते पहिल्यांदा बसून पाहिलं. वय पासष्ट. म्हणाली, "माझ्या मनातली सीता वेगळीच होती."

आपण रेडिओवाल्या बायका. ऐकून मनात चित्र काढणं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. पण निवडून ऐकणं वेगळं आणि पाहायला बसता आलं नाही म्हणून ऐकणं वेगळं.

मग या सगळ्यात आपल्याला मिळालं काय? आम्ही गटात हाच प्रश्न विचारला. उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच आलं. खरी मजा दुसऱ्या दिवशी होती. हापशीवर, नदीवर धुणं धुताना, कापूस वेचताना ओळीने. ज्यांनी पाहिलं त्या सांगायच्या, ज्यांनी ऐकलं त्या विचारायच्या, ज्यांना दोन्ही जमलं नाही त्या सर्वांत जास्त बोलायच्या. बडकीने लग्न करावं की नाही? द्रौपदीला पणाला लावलं तेव्हा मोठी माणसं गप्प का बसली? सीतेने पुन्हा परीक्षा का द्यायची? हे प्रश्न घरात विचारायची सोय नव्हती. स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलणं अवघड, बसेसर रामबद्दल बोलणं सोपं. दारूचा विषय आपल्या गावात पहिल्यांदा मोकळेपणी निघाला तो बसेसर रामच्या नावाने. ऐकणाऱ्या प्रत्येकीला कळायचं की बोलणारी नेमकी कुणाबद्दल बोलते आहे. तरी कुणी नाव घ्यायचं नाही. टीव्हीने आपल्याला हे पांघरूण दिलं, आणि त्याच्या आडून आपण खरं बोलायला शिकलो.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा घेऊ. सासूबाई शेजारी असल्या की भगवंती आदर्श वाटते. कापसाच्या ओळीत मैत्रिणी शेजारी असल्या की तीच भगवंती प्रश्न होते. गोष्ट तीच असते, सोबत बदललेली असते.

ही गोष्ट पुढे रेडिओवर नीट दिसून आली. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीच्या हिंदी केंद्रांवरून 'तिनका तिनका सुख' नावाची मालिका चालली. तीही साबिदोच्याच वाटेने जाणारी, १०४ भागांची. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान नावाच्या गावात लोक ती ऐकत आणि मग त्यावर बोलत. डिसेंबर १९९६ मध्ये त्या गावाने आकाशवाणीला एक मोठं पत्र पाठवलं. आम्ही हुंडा देणार नाही आणि घेणार नाही, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे. अभ्यासक त्या गावी गेले. हुंडा लगेच थांबला असं त्यांना दिसलं नाही. पण जे कधी बोललंच जात नव्हतं, ते गावात उघड बोललं जाऊ लागलं होतं.

आणि त्याच्याही आधी आपल्या महाराष्ट्रात हे घडलं आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत ऐकणाऱ्यांचे गट केले होते. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि गटाने चर्चा करायची, काही ठरवायचं, आणि शंका असेल तर आकाशवाणीला लिहायची. त्या गटांत बहुतेक पुरुषच होते. आपल्या आजींना तिथे जागा नव्हती. आज आपला गट आहे, वही आहे, सही आहे, आणि बसायला सतरंजीही आपलीच आहे.

आता पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला, गावोगाव केबलच्या तारा आल्या, मग छत्र्या आल्या. घराघरात रंगीत टीव्ही आला. हे चांगलंच झालं. कुणाच्या खिडकीत उभं राहायची वेळ उरली नाही, आणि हे आम्ही मनापासून म्हणतो. जुने दिवस परत यावेत, असं त्या खिडकीतल्या मैत्रिणीला अजिबात वाटत नाही. पण एक गोष्ट त्याबरोबर गेली. प्रत्येक घरात वेगळी मालिका, आणि आता तर प्रत्येक हातात वेगळा मोबाइल. एकाच घरात सून एक पाहते, सासू दुसरं, नात तिसरं. दुसऱ्या दिवशी बोलायला सगळ्यांनी पाहिलेलं असं काही उरत नाही. आणि आजच्या मालिकांत भगवंत्या काही कमी नाहीत. तेव्हा निदान भगवंतीच्या शेजारी बसून वाद घालायला कुणी होतं. आज आपण एकट्याच तिच्याकडे पाहतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. महिन्यातल्या एका बैठकीत, हिशोब झाल्यावर, अर्धा तास काढा. आपल्या रेडिओवरचा एक कार्यक्रम, किंवा मोबाइलवरचा एखादा जुना भाग, सगळ्या मिळून ऐका किंवा पाहा. मग मोबाइल बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. यातली कोणती बाई तुम्हाला चांगली वाटली? ती चांगली आहे असं तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? आणि तिच्या जागी आपल्या गावातली बाई असती तर गटाने तिच्यासाठी काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा.

दोन नियम मात्र पाळा. बैठक गावाच्या अशा ठिकाणी घ्या जिथे प्रत्येकीला आत येता येईल आणि चटईवर बसता येईल. आणि चहा कार्यक्रम संपल्यावर करा, सगळ्यांनी मिळून. कार्यक्रम चालू असताना कुणीही चुलीपाशी असता कामा नये.

आमच्या गटात पुढच्या महिन्यात 'रजनी'चा एक भाग पाहायचं ठरलं आहे. जागा ठरवायची वेळ आली तेव्हा खिडकीतून टीव्ही पाहिलेली आमची मैत्रीण म्हणाली, "माझ्या घरी या सगळ्या. टीव्ही मोठा आहे." आम्ही जाणार आहोत.

तुमच्या गटात काय पाहिलं, कशावर वाद झाला, ते आम्हाला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पुढच्या भाषणात वाचून दाखवू. नमस्कार.